शृंगार, विरह आणि निवृत्ताचा अधिकार

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांनी 'शिशुपाळवध' सिद्धीस नेला आणि तो आपल्या गुरुबंधूंच्या पुढे ठेविला, ही कथा आपल्या पंथात सर्वांस ठाऊक आहे. गुरुबंधूंनी ग्रंथ चांगला उतरला असे आधी सांगितले. मागाहून एवढेच म्हटले की, यात शृंगार भरला आहे, तेव्हा हा प्रवृत्तांच्या कामी येईल, निवृत्तांच्या नव्हे. भास्करभट्टांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी भागवताचा अकरावा स्कंध हाती घेतला आणि 'उद्धवगीता' रचिली.

या प्रसंगाचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. वाङ्मयाचे इतिहासकार म्हणतात की, पंथाच्या कठोर वैराग्याने एका रसिक कवीची लेखणी आखडून घेतली. आपल्यापैकी काहीजण म्हणतात की, ज्याअर्थी निवाडा झाला त्याअर्थी साधकाने शिशुपाळवध हाती धरू नये. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोघांची चूक एकच आहे. तो निवाडा ग्रंथावर दिला गेला असे दोघेही गृहीत धरतात. तसे असते तर ग्रंथ नष्ट झाला असता, निदान अडगळीत पडला असता. प्रत्यक्षात काय घडले? त्याच्या प्रती होत राहिल्या, आणि साती ग्रंथांत त्यास उद्धवगीतेच्या शेजारीच मानाचे स्थान लाभले. नरेंद्रांचे 'रुक्मिणीस्वयंवर' (इ. स. 1292) आणि दामोदरपंडितांचे 'वछाहरण' हेही त्याच पंक्तीत आहेत. ज्याला अयोग्य म्हटले तेच शतकानुशतके जपले, हा विसंगतीचा प्रकार नव्हे. निवाडा वाचणाऱ्याच्या अधिकाराविषयी होता. ज्वरातून नुकत्याच उठलेल्यास वैद्य पुरणपोळी वर्ज्य करतो, त्यात पुरणपोळीची निंदा नसते.

परंतु एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. श्रीचक्रधरस्वामींनी निवृत्तास चित्रातली स्त्रीदेखील पाहण्याची मनाई केली आहे. भिंतीवरील रंगांची ही कथा, तर शब्दांनी रंगविलेल्या स्त्रीचे काय? रंगातली आकृती एकदा पाहिली की ती तेवढीच राहते; काव्यातली आकृती वाचणाऱ्याच्या मनात त्याच्याच वासनेचे साहित्य घेऊन वाढते. त्या दृष्टीने काव्य चित्राहून अधिक भयावह ठरेल. या वचनाचा अर्थ स्त्रीद्वेष असा करणाऱ्यांनी मात्र हेही ध्यानात ठेवावे की, त्याच स्वामींनी बाइसा, महदाइसा, उमाइसा यांस आपल्या सन्निधानात स्थान दिले, त्यांच्या शंकांना उत्तरे दिली आणि स्त्रीच्या मासिक विटाळाची कल्पना अमान्य केली. दोष पाहिल्या जाणाऱ्या व्यक्तीत नाही. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, आणि तपस्विनीच्या बाबतीत हाच विधी उलट बाजूने तितकाच लागू पडतो.

आता दुसरी बाजू. महदंबेचे 'धवळे' ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी गायिले गेले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचा, गाणारी संन्यासिनी, आणि ऐकणारे साक्षात परमेश्वरावतार. शृंगाराचा स्पर्शच निवृत्तास वर्ज्य असता तर हे घडते ना. महदंबेला ही कथा का सुचली, याचा विचार केला पाहिजे. विवाहप्रसंगी धवळे गाण्याची रीत होती, हे एक उत्तर झाले. मला ते पुरेसे वाटत नाही.

रुक्मिणीची अवस्था पाहा. तिने श्रीकृष्णांस पाहिलेले नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुखाने तिने त्यांचे गुण ऐकिले आहेत, आणि त्या ऐकण्यावरच आपला जीव टाकिला आहे. घरचा वडील भाऊ विरोधात, शिशुपाळाशी लग्न ठरलेले, हातात उपाय एकच: ब्राह्मणाकरवी पत्रिका धाडणे आणि वाट पाहणे. सन्निधान नाही, केवळ श्रवण आहे, आणि श्रवणातून जागलेले स्मरण आहे. स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर मागे राहिलेल्या मंडळींची अवस्था याहून वेगळी ती काय होती? म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' ज्या तळमळीने जमविले, एकेका लीळेसाठी ज्याने ती पाहिली-ऐकिली त्यास गाठले, ती तळमळ रुक्मिणीचीच आहे. स्वामींचे दर्शन ज्यांस घडलेच नाही त्या आपणा सर्वांची तर ती अधिकच आहे. आपल्या आद्य ग्रंथांतून विरहाचे सूत्र इतके बळकट का, याचे उत्तर मला असन्निधानात सापडते. रुक्मिणीची कथा ही त्या काळच्या साधकांस आपलीच कथा वाटली.

मग भय कोठे आहे? नरेंद्रांचे काव्य मी अनेकदा पाठात सांगितले आहे. ते मोठे कवी, यात शंका नाही. रामदेवरायाने प्रत्येक ओवीस सुवर्णनाणे देऊ केले असता ग्रंथावर राजाचे नाव घालण्यास त्यांनी नकार दिला, ही परंपरागत हकीकत त्यांच्या निष्ठेची साक्ष आहे. तरीही रुक्मिणीचा विरहदाह वर्णिताना चंदन, कमळपत्रे, चांदणे अशा शीतोपचारांची रास पडू लागते, तेथे मला रुक्मिणी दिसेनाशी होते आणि कवीचे चातुर्य दिसू लागते. श्रोतेही तेथे मान डोलावतात, ती कल्पनेसाठी. महदंबेच्या साध्या, बायकांच्या गळ्यातल्या गाण्यात हे होत नाही, कारण डोलावण्याजोगे चातुर्य तिने मध्ये ठेविलेलेच नाही. शिशुपाळवधाचेही तेच. माघाच्या संस्कृत महाकाव्याची सावली त्यावर आहे. ज्या वधाचे नाव ग्रंथास आहे तो अखेरीस थोडक्यात आटोपतो, आणि रुक्मिणीचा रुसवा, क्रीडा, ऋतू यांनी पुष्कळ जागा व्यापिली आहे. गुरुबंधूंनी शृंगारी म्हटले ते माझ्या मते या अर्थाने: वाचणाऱ्याचे मन देवाकडे जाण्याआधी वर्णनात मुक्काम करते. प्रवृत्ताला असा मुक्काम चालतो, त्याची वाट तशीच टप्प्याटप्प्याची आहे. सर्व सोडून निघालेल्याला तो परवडत नाही.

आणि म्हणूनच भास्करभट्टांचे उत्तर लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. उद्धवगीतेत शृंगाराचा विषय सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोताची जोडी आहे. पिले जाळ्यात पडली म्हणून मादी धावते, मादी पडली म्हणून कपोत स्वतः जाळ्यात शिरतो. हा स्नेह खोटा आहे असे कोठेही म्हटलेले नाही. तो पुरता खरा आहे, आणि त्यानेच जीव घेतला आहे. तेथेच पिंगला आहे. नटूनथटून दाराशी उभी, येईल त्याची वाट पाहणारी, आत-बाहेर करता करता मध्यरात्र होते आणि कोणी येत नाही. त्या निराशेतच तिला उमगते की, जवळ असलेल्या रमणाला सोडून आपण कोणाची वाट पाहत होतो. वाट पाहणे रुक्मिणीचेही आहे आणि पिंगलेचेही. एकीने पहिल्यापासून योग्य ठिकाणी आस लाविली, दुसरीची आस मोडून मग योग्य ठिकाणी वळली. कवीश्वरांनी पहिला ग्रंथ टाकून दुसरा लिहिला नाही. पहिल्यात अर्ध्यावर थांबलेला विषय दुसऱ्यात शेवटास नेला.

शुद्ध चित्तास सर्व शुद्ध, असे म्हणून येथे सुटका करून घेणारे पुष्कळ भेटतात. मला हे म्हणणे मान्य नाही. विधी सांगितला तो चित्त शुद्ध न झालेल्यांसाठी, आणि आपले चित्त शुद्ध झाले असे ज्याला वाटते त्याला तर तो अधिकच आवश्यक आहे. भास्करभट्टांसारख्या अधिकाऱ्यानेही स्वतःचा निर्णय स्वतः केला नाही, दुसऱ्यास दाखविले. पूर्वी सकळ लिपी ग्रंथाच्या दाराशी उभी असे, आणि आत जाणाऱ्यास कोणातरी जाणत्याचे बोट धरावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा संशोधकांस झाला, ग्रंथ छापले गेले, विद्यापीठांत लागले. ते दार पुन्हा लावणे शक्य नाही, आणि लावावे असेही मला वाटत नाही. त्यामुळेच मराठी जनांस आपला ठेवा कळला. परंतु एकट्याने, अंथरुणावर पडून शिशुपाळवध वाचणारा तरुण साधक हा त्यामुळेच निर्माण झाला आहे.

त्याच्यासाठी माझी सूचना साधी आहे. गृहस्थ वासनिकांनी हे ग्रंथ लिहिले गेले त्याच क्रमाने वाचावेत. नवदीक्षित साधकास मात्र पाठशाळेत उद्धवगीतेतील कपोत आणि पिंगला आधी सांगाव्यात, मग महदंबेचे धवळे, आणि त्यानंतरच शिशुपाळवध व रुक्मिणीस्वयंवर, तेही एकट्याने न वाचता कोणापाशी तरी बसून. जेथे मन ओवीच्या सौंदर्यात अडकले असे जाणवेल तेथे त्याने पोथी मिटू नये. शेजारच्यास तसे सांगावे, आणि पाठ तेथूनच पुढे चालू ठेवावा.