लॉगची ओळ आणि नल पॉइंटर

सी भाषेतला कोड तपासायला बसलो की मी आधी डीबग लॉगच्या ओळी वाचतो. मुख्य कामाचा कोड विचारपूर्वक लिहिलेला असतो, त्याची चाचणीही झालेली असते. लॉगची ओळ मात्र शोधाशोध चालू असताना घाईने घातली जाते आणि एरवी बंदच राहते. काही बिघडले की ती चालू केली जाते. पॉइंटर नल असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तीही नेमकी तेव्हाच.

प्रिंटएफमध्ये ‘पर्सेंट एस’साठी नल पॉइंटर दिला तर काय व्हावे, हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलेच नाही. लिनक्सवरची जीलिबसी कंसात ‘नल’ छापून वेळ निभावते. सोलारिसच्या जुन्या आवृत्त्यांवर तोच प्रोग्रॅम कोसळत असे. लिनक्सवरही निर्धास्त राहता येत नाही. फॉरमॅटमध्ये फक्त ‘पर्सेंट एस’ आणि नवी ओळ असेल, तर जीसीसी प्रिंटएफच्या जागी पुट्स वापरू शकते, आणि पुट्सला नल मिळाला की सेगमेंटेशन फॉल्ट ठरलेला.

याहून गंभीर प्रकार लिनक्स कर्नलमध्ये 2009 साली उघड झाला. ‘टन’ ड्रायव्हरमध्ये पॉइंटर नल आहे का, हे पाहण्याआधीच त्यातले एक फील्ड वाचले जात होते. फील्ड वाचले त्याअर्थी पॉइंटर नल नाही, असे गृहीत धरून कंपायलरने पुढची तपासणीच काढून टाकली आणि सुरक्षेला भगदाड पडले. नंतर कर्नल बांधताना अशा तपासण्या काढू नयेत, असा पर्याय कंपायलरला दिला जाऊ लागला. तपासणीच्या वर घातलेली, पॉइंटरमधले फील्ड छापणारी लॉगची ओळही हेच घडवू शकते.

उपाय छोटा आहे. स्ट्रिंग नल असेल तर ‘नल’ हा मजकूर आणि नसेल तर तीच स्ट्रिंग परत देणारे एक इनलाइन फंक्शन लिहावे. मॅक्रोत आर्ग्युमेंटचे मूल्य दोनदा काढले जाण्याचा धोका असतो, म्हणून फंक्शन बरे. स्ट्रक्चरमधले फील्ड छापायचे तर आधी स्ट्रक्चरचा पॉइंटर तपासावा. नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग कधीही छापू नये. नाव रिकामे असणे आणि नावच नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाडाचे मूळ बहुधा त्या फरकातच सापडते. फ्री केलेल्या मेमरीकडे बोट दाखवणारा पॉइंटर मात्र या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी चाचणीत ॲड्रेस सॅनिटायझर लावावा लागतो.

लॉग हा बिघाडाचा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष सगळे कोलमडत असतानाच हवी असते. म्हणून कोड पुढे पाठवण्याआधी डीबग लॉग चालू करून चाचण्या चालवा आणि लॉगमध्ये छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पॉइंटरला एकदा तरी नल देऊन पाहा.