सोपेपणा आणि त्याग

लहान धंद्यातली रोजची कामे सुटसुटीत करायची म्हणजे काहीतरी सोडून द्यावे लागते: एखादी नोंद, एखादी तपासणी, एखादी फेरी, कधी कुणाचे हातसुद्धा. वरवर हा सोयीचा प्रश्न दिसतो, पण मुळात तो त्यागाचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. वाट्याला आलेले काम मोहापोटी, त्याचे मोल न ओळखता सोडणे हा तामस त्याग. अंगाला त्रास होतो म्हणून सोडणे हा राजस. काम पुरते करायचे, पण त्यातली आसक्ती आणि फळाची ओढ सोडायची, हा सात्त्विक. ही विभागणी संन्याशाइतकीच दुकानदाराला आणि कारागिराला उपयोगी पडते. काय टाकले याच्या आधी ती विचारते, का टाकले.

नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातले खापा हे कन्हान नदीकाठचे जुने गाव आहे. १८६७ पासून तिथे नगरपालिका आहे, आसपास मँगनीजच्या खाणी आहेत, आणि गावाची जुनी ओळख कोष्ट्यांच्या हातमागाची. हातमागाचे घर हा लहान धंद्याचा अगदी उघडा नमुना आहे, कारण तिथे कारखाना, गोदाम आणि कचेरी एकाच छपराखाली असतात. सूत आणायचे, लड्या उकलायच्या, ताणा करायचा, पांजण करायची, फणीत धागे ओवायचे, कांड्या भरायच्या, आणि मग विणकर मागावर बसतो. साडी विणणारा एक दिसतो, तिच्यामागे घरातल्या दोघातिघांचे हात असतात.

यातली पांजण पाहण्यासारखी. ताणा मोकळ्या जागेत लांब पसरून ताणतात, त्याला खळ लावतात, कुंच्याने ती सारखी करतात आणि चिकटलेले धागे वेगळे करत वाळवतात. ऊन चढण्याआधी सुरुवात करावी लागते, शेजारचे हातही लागतात. बाहेरच्या माणसाला हे सगळे जुन्या चालीचे ओझे वाटते. पण विणताना प्रत्येक धागा फणीच्या दातांत शेकडो वेळा घासला जातो. खळीने सुताचे तंतू अंगासरशी बसतात, म्हणून धागा ही घासणी सोसतो. पांजण आटोपती घेतली की धाग्याला लव सुटते, तो तुटतो, माग थांबतो, तुटके टोक शोधून गाठ मारावी लागते. सकाळी वाचवलेला तासभर पुढे कित्येक दिवस थोडाथोडा भरावा लागतो. न समजलेली पायरी काढून टाकणे हा सरळ तामस त्याग आहे, आणि नव्या उत्साहाने धंदा सुधारायला निघालेल्यांकडून तोच सर्वांत जास्त घडतो. सोपे करण्याची खरी वाट इथे दुसरी आहे: ताणा लांब धरायचा, म्हणजे एकाच पांजणीत अनेक साड्यांची तयारी होते. काळजी तेवढीच राहते, खेपा कमी होतात. त्याची किंमतही आहे. लांब ताणा मागावर चढला की तो संपेपर्यंत घर त्याच रंगाला आणि त्याच काठाला बांधले जाते.

कांड्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन के यांनी दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा शोधला, आणि पुढे हातमागांवर तो जगभर गेला. त्याआधी विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे. धावत्या धोट्याने त्याचे काम हलके आणि वेगवान झाले, यात शंका नाही. पण विणण्याचा वेग वाढला की धोट्यातली सुताची कांडी लवकर संपते, आणि कांडी भरणारी व्यक्ती रहाटावर बसलेली असते. बहुतेक घरांत ती बाई असते, म्हातारे माणूस असते किंवा शाळेतून आलेले मूल. मजुरी साडीवर मिळते आणि विणणाऱ्याच्या नावावर लागते. रहाटाच्या वाढलेल्या फेऱ्या कोणत्याच हिशेबात दिसत नाहीत. मागापुरते पाहिले तर काम सोपे झाले, घर धरून पाहिले तर त्याचा एक भाग फक्त कोपऱ्यात सरकला. आपला त्रास टाळण्यासाठी केलेला त्याग राजस ठरतो. मग तोच त्रास घरातल्या दुसऱ्याच्या खांद्यावर गेला, तर त्याला त्याग म्हणणेच चुकीचे आहे.

यंत्राला सरसकट विरोध हे यावरचे उत्तर नव्हे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. सूत किती निघावे ही अट तर होतीच. त्याशिवाय किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी होती, आणि बाईला आठ तास चालवूनही फार थकवा येऊ नये, अशी अपेक्षा होती. चालवणाऱ्याचा थकवा ज्या मोजमापात पहिल्यापासून धरलेला असतो, तेच मोजमाप खरे. नव्या सोयीचा विचार करणाऱ्या प्रत्येक लहान धंद्याने ते घ्यावे.

हिशेबाच्या सुटसुटीतपणालाही हीच कसोटी लागते. विणकराला सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या खातेवहीत दिलेले सूत, आलेले कापड, मजुरी आणि उचल असे चार व्यवहार असतात. चारही एकट्या देणाऱ्याच्या वहीत राहिले तर लिहिणे एकदाच होते, पण विणकराला दरवेळी विश्वासावर राहावे लागते. सूत वजनाने द्यावे, कापड वजनाने घ्यावे, खळ आणि घट आधी ठरवून ठेवावी, आणि तीच ओळ विणकराच्या हातातल्या वहीत उतरवावी. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण महिनाअखेरची सगळी वादावादी मिटते. लिहिण्याचा कंटाळा म्हणून उचलीची नोंद टाळणे याला मात्र सोपेपणा म्हणता येत नाही.

मराठी संतपरंपरेत हिशेबाच्या दोन कथा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली, असे परंपरा सांगते. तुकारामांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असेही तीच सांगते. एकनाथांच्या कथेचा अर्थ सहसा एकाग्रतेवर लावतात. तिला आणखी एक बाजू आहे. पैची चूक सापडली नाही तर तिचा संशय कुणावर तरी राहतो, म्हणून ती रात्र वाया गेलेली नाही. तुकारामांच्या कथेतही एक तपशील फार मोलाचा आहे. खतांची आधी वाटणी झाली, धाकट्या भावाचा वाटा त्याच्याकडे गेला, आणि बुडवला तो फक्त स्वतःचा. ज्यावर आपला हक्क तेवढेच सोडायचे, दुसऱ्याचा हक्क नदीत टाकायचा नाही. एकाने नोंद पुरी केली, दुसऱ्याने पुसली, पण कुणाचेही ओझे कुणावर गेले नाही.

शेवटचा आणि सर्वांत बोचरा भाग हातांचा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या घराघरांत पोचलेल्या बौद्ध विचारात सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. उपजीविका दुसऱ्याला इजा करणारी नसावी, हा त्याचा गाभा. पांजण केलेला ताणा तयार विकत मिळू लागला की पांजणीला येणाऱ्यांचा रोज बुडतो. विजेवर फिरणारा रहाट आला की कांड्या भरणारीचे काम जाते. इथे एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडत नाही. ज्या घरात आजीचा खांदा रोज दुखतो आणि तिला मोबदला कधीच मिळालेला नाही, तिथे विजेचा रहाट उद्याच यावा. ज्या घरी शेजारची एकटी बाई कांड्या भरून चार पैसे नेते, तिथे रहाट आणण्याआधी तिच्याशी बोलावे, आणि फणीत धागे ओवण्याचे किंवा घड्या घालण्याचे काम तिच्याकडे आधी लावून द्यावे.