नवाच्या पाठीमागे

दिलेली वेळ पाळावी, हे मला लहानपणी वडिलांनी शिकवलं आणि नोकरी लागल्यावर बँकेनं ते पक्कं करून घेतलं. पण दिलेली वेळ म्हणजे देणाऱ्याच्या मनातली की घेणाऱ्याच्या, हा प्रश्न दोघांनीही कधी काढला नाही. तो निघाला थेट स्कॉटलंडात, एडिंबरामध्ये, माझ्या भाच्याच्या घरी.

भाच्याकडे आम्ही उभयता महिनाभर राहायला गेलो होतो. (तिकिटं त्यानंच काढली होती. बँकेतला कारकून स्वतःच्या खर्चानं जातो तो फार तर महाबळेश्वरला.) पहिल्याच रात्री तो म्हणाला, "मामा, उद्या किल्ला बघायला जाऊ. हाफ नाइनला निघू."

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. नवाचं निम्मं साडेचार, हे मला कागद-पेन्सिलीशिवाय येतं. सकाळी साडेनऊला भाचा किल्ल्या वाजवत दारात उभा, आणि मी लुंगी-बनियनवर दुसरा चहा पितोय! ब्रिटनमध्ये 'हाफ पास्ट नाइन' म्हणताना मधला 'पास्ट' गिळून टाकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

भाच्याच्या ऑफिसातला एक जर्मन मित्र जेवायला आला होता, त्याला मी ही फजिती सांगितली. तो म्हणाला, "माझी याहून मोठी आहे." जर्मन भाषेत 'हाल्ब आख्ट', म्हणजे शब्दशः 'अर्धे आठ', याचा अर्थ साडेसात. आठव्या तासाचं निम्मं अंतर तोडलं, असा हिशेब. तो ह्या शहरात नवा असताना कुणीतरी त्याला 'हाफ एट'ला जेवायला बोलावलं. हा बरोबर साडेसातला फुलं घेऊन हजर. यजमानीणबाई केसांना टॉवेल गुंडाळून दार उघडायला आल्या! गंमत म्हणजे जुन्या स्कॉट्स बोलीतही 'हाफ एट' म्हणजे साडेसातच होत असत. म्हणजे त्या बिचाऱ्याचं चुकलंच असेल तर शतक चुकलं, तास नव्हे.

मग अमेरिकेतून भाचीचा फोन. ती बॉस्टनला असते. म्हणाली, "मामी, मी उद्या क्वार्टर ऑफ नाइनला फोन करते." मी पुन्हा हिशेब केला, नवाचा पाव सव्वादोन. पण तिकडे त्याचा अर्थ पावणेनऊ. त्याच अमेरिकेत जरा दुसऱ्या मुलखात गेलं की त्याचं 'क्वार्टर टिल नाइन' होतं, आणि इंग्लंडात 'क्वार्टर टू'. आमची ही सगळं ऐकून शांतपणे म्हणाली, "ह्या लोकांना इंग्रजी नीटसं येत नाही वाटतं."

मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. आपण तरी काय करतो? 'अडीच' हा शब्द आला संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून. म्हणजे 'तिसरा अर्धा'. हे शुद्ध जर्मन पद्धतीचं झालं! 'दीड'ची कुळकथाही तीच, दुसरा अर्धा. 'साडेतीन' मात्र 'सार्ध', म्हणजे तीन आणि वर अर्धा. थोडक्यात, मराठी माणूस अडीचपर्यंत जर्मन असतो आणि तिथून पुढे इंग्रज होतो. तेव्हा हसायचं कुणी कुणाला?

इथवर सगळा करमणुकीचा मामला होता. नंतर तो राहिला नाही.

भाच्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा एकटेच राहत. वय ऐंशीच्या पुढे. मी बँकेत आहे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांचाही उभा जन्म काउंटरमागे गेला होता. "एका पेनीचा फरक सापडेपर्यंत आम्हाला घरी सोडत नसत," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडे आता फरक संगणक काढतो. पण तो बंद पडला की तोही घरी सोडत नाही." आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. निघायच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "उद्या सकाळी बॅक ऑफ नाइनला खाली या. चहा घेऊ. आमच्या जुन्या शाखेचे फोटो दाखवतो."

बॅक ऑफ नाइन. नवाच्या मागे. आता मराठीत 'मागे' म्हणजे होऊन गेलेलं. मागच्या वर्षी, मागे एकदा. तेव्हा नवाच्या मागे म्हणजे नवाच्या आधी, यात शंका कसली? मी पावणेनऊला जाऊन घंटी वाजवली. दार उघडेना. पुन्हा वाजवली. पाच मिनिटं थांबलो आणि मनातल्या मनात म्हणालो, 'हाच का तो ब्रिटिश वक्तशीरपणा!' खरं सांगायचं तर आपण वेळेवर आणि गोरा माणूस गैरहजर, याचं मला जरा सुखच वाटलं. मग आम्ही बिस्किटांची खरेदी करायला बाहेर पडलो ते साडेदहाला परतलो आणि बॅगा टॅक्सीत टाकून निघालो.

टॅक्सीत भाच्यानं विचारलं, "मामा, आजोबांकडे जाऊन आलात ना?"

"गेलो होतो. पावणेनऊला. दारच उघडलं नाही."

"अहो मामा, बॅक ऑफ नाइन म्हणजे नऊ वाजून गेल्यावर! पाच-दहा मिनिटांनी." तो जरा थांबला. "सव्वानऊला मी खाली गेलो तेव्हा त्यांचं दार उघडंच होतं. टाय लावून बसले होते."

तेवढ्यात प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला हॉटेलच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. "अरे, गाडी चुकली!" भाचा म्हणाला, "नाही. ते घड्याळ तीन मिनिटं पुढेच असतं." १९०२ साली हॉटेल उघडलं तेव्हापासून ही रीत आहे. शेजारीच वेव्हर्ली स्टेशन. लोकांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून ते घड्याळ मुद्दाम पुढे ठेवतात. वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरला, ते खरी वेळ सांगतं.

गाडी मिळाली. लंडन येईपर्यंत मी खिडकीतून मेंढ्या बघत स्वतःचा खटला चालवला. बचावपक्ष भक्कम होता. १८७२च्या आपल्या करार कायद्याचं कलम १३ म्हणतं की, दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं राजी झाली तरच संमती. इथे अर्थ एक नव्हताच. म्हणजे करार नाही, भंग नाही, आरोपी निर्दोष. कायद्यानं मी सुटलो, पण त्या टायमधून सुटेना.

कारण माझा गुन्हा 'बॅक ऑफ नाइन'चा अर्थ न कळण्याचा नव्हता. तो मी 'म्हणजे नक्की किती वाजता?' असं विचारलं नाही, हा होता. चार शब्दांचा प्रश्न! पण तो विचारला तर ह्याला इंग्रजी येत नाही असं वाटेल, म्हणून गिळला. चेकवर रक्कम अक्षरी आणि अंकी, दोन्ही लिहून घेतल्याशिवाय मी पाचशे रुपये कुणाला देत नाही. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी, असं १८८१च्या कायद्याचं कलम १८ सांगतं. पण माणूस आपली अख्खी सकाळ देतो, तेव्हा आपण अंक विचारत नाही.

वेळ आपण घड्याळाला देत नाही, माणसाला देतो. मी नऊची वेळ पाळली आणि म्हाताऱ्या माणसाला चुकवलं. ते मनोऱ्यावरचं घड्याळ वर्षभर खोटं बोलतं आणि अनोळखी माणसांची गाडी चुकू देत नाही. आता वक्तशीर कोण?

मुंबईला आल्यावर मी आजोबांना पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, दार न उघडल्याचं सुख वाटलं तेसुद्धा. दीड महिन्यानं उत्तर आलं, बँकेत शोभेल अशा वळणदार अक्षरात. घंटी त्यांना ऐकू आली नव्हती. कानातलं यंत्र ते नऊ वाजता लावतात. फोटो काढून ठेवले आहेत, पुढच्या वेळी जरूर या. आणि खाली, चेकवर लिहावी तशी, वेळ :

९.१०. अक्षरी नऊ वाजून दहा मिनिटे फक्त.

आपल्याकडे चेकची मुदत तीन महिने असते. ह्या कागदाची किती, ते माझ्या वयावर नाही, त्यांच्या वयावर आहे. म्हणून ह्या वर्षी मी तिकिटासाठी भाच्याकडे बघितलं नाही. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं. हिनं विचारलं, "कधी निघायचं?"

मी तारीख सांगितली. अक्षरी आणि अंकी.