आजचं चिंतन : पाण्याची चव (गीता 7.8)

आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, पाण्यातली चव म्हणजे मीच.

रविवारी लोणारला गेलो होतो. उल्कापातानं झालेलं खारं सरोवर, वर गोमुखाची गोड धार. खाऱ्यातही देवच, असं वाटून डोळे भरून आले.

मग आमचं संग्रामपूर आठवलं. खारपाणपट्टा! बोअरचं खारं पाणी पिणारी गावं, त्यात किडनीचे पेशंट. माझ्या बॅगेत मात्र विकतची बाटली होती. बाटली जवळ असली की खाऱ्यात देव दिसणं सोपं जातं हो.

चव देवाची, तर गोडं पाणी कुणाला मिळतं हाही भक्तीचाच प्रश्न. आज शेजारच्या आजींचा कॅन मी भरून आणणार. तुम्ही?

राम कृष्ण हरी.