खांब कोणाचा?

अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग धार-देवासला आलेल्या मराठी कुटुंबांची घरे खणांनी मोजली जात. भार सागवानी खांबांवर, भिंत केवळ आडोसा. म्हणून भिंत ढासळली तरी घर उभे राही. आता तेच खांब नक्षीच्या भावाने विकले जातात. कायद्याची गंमत पाहा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांचा खांब घरापासून सुटला की पुरावस्तू ठरतो, माजघरात उभा असताना त्याला कोणी विचारीत नाही. गळक्या कौलांखाली राहणाऱ्या वारसाला ‘ठेवा जपा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. स्मृती साऱ्या गावाची, मग शाकारणीचा खर्च त्या एकट्याचाच का? गणपतीची वर्गणी आपण देतोच. मृगापूर्वी एक वर्गणी कौलांसाठीही मागून पाहावी.