न झालेल्या झुंजी

दोन युगांतल्या बलाढ्यांची गाठ घालून देण्याची सोय व्यासांपाशी होती. हनुमंत चिरंजीव, म्हणून त्रेतायुगातला तो वीर द्वापारातल्या भीमाच्या वाटेत शेपटी पसरून बसू शकला आणि भीमाला ती तसूभरही हलवता आली नाही. मुष्टियोद्धे चिरंजीव नसतात. तरीही जो लुई श्रेष्ठ की मुहम्मद अली, जॅक डेम्प्सी श्रेष्ठ की रॉकी मार्सियानो, हा वाद अखंड चालू आहे.

एकदा हा वाद यंत्रापुढे नेण्यात आला. ४९ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झालेला मार्सियानो आणि तोवर अपराजित असलेला अली यांच्या लुटुपुटीच्या फेऱ्या १९६९ साली अमेरिकेत चित्रित केल्या गेल्या. निकाल संगणकाने द्यायचा होता. जानेवारी १९७० मध्ये पडद्यावर मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला लोळवले. ते पाहायला मार्सियानो नव्हता. आदल्या ऑगस्टमध्येच तो विमान अपघातात गेला होता. आणि अली? लष्करात भरती होण्यास नकार दिल्याबद्दल १९६७ पासून खऱ्या रिंगणाची दारे त्याला बंद होती. ज्याला खरी झुंज खेळू दिली जात नव्हती, त्याला खोट्या झुंजीत हरवण्यात आले!

यात यंत्राचा दोष नाही. त्याला आकडे दिले, त्याने आकडे मोजले. पण ते आकडे आपापल्या काळाच्या मातीत उगवलेले असतात. १९१५ साली हवानात जॅक जॉन्सन हरला तो सव्विसाव्या फेरीत; आज अजिंक्यपदाची लढत बारा फेऱ्यांत संपते. मग यांना कोणत्या नियमांनी लढवायचे?

तथापि याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. मध्ये काळ आला म्हणून राहून गेलेल्या झुंजींबद्दल आपण हळहळतो. पण मध्ये काळ नसतानाही ज्या झाल्या नाहीत, त्यांचे काय? जॉन सलिव्हन अजिंक्यवीर असताना कृष्णवर्णीयांशी लढायला तयार नव्हता. पीटर जॅक्सन तसाच राहिला. १९१९ ते १९२६ अजिंक्यपद डेम्प्सीकडे होते. हॅरी विल्सशी त्याची लढत करारापर्यंत गेली, रिंगणापर्यंत गेली नाही. १९०८ मध्ये पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट अजिंक्यवीर झालेल्या जॉन्सननेही सॅम लँगफर्डला अजिंक्यपदासाठी संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा अधिक होता. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण उभा राहिला, तेव्हाही कृपाचार्यांनी त्याचे बळ विचारले नाही, कुळ विचारले.

यामुळे डेम्प्सीचे ठोसे हलके ठरत नाहीत. परंतु 'अजिंक्य' या शब्दाचे वजन मात्र बदलते. जो समोर येऊ दिला गेला त्याला जिंकले, एवढाच त्याचा अर्थ उरतो. अशा दोन 'अजिंक्यां'ची कल्पनेत गाठ घालताना आपण त्यांच्या काळाने केलेली निवडही मुकाट्याने मान्य करीत असतो.

शाळामास्तराला हा हिशेब परका नाही. वर्गात पहिला आलेला मुलगा गावात पहिला असतोच असे नाही; शाळेत येऊ शकलेल्या मुलांत तो पहिला असतो. त्याचे कौतुक जरूर करावे. पण हजेरीपटावर ज्यांची नावेच नाहीत, त्यांची आठवण ठेवूनच करावे.