मांजरीचे अन्न आणि माळकऱ्याची माळ

भूतदयेवर कीर्तन करणे फार सोपे आहे. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. नामदेवराय पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. हे प्रसंग रंगवून सांगितले की श्रोत्यांचे डोळे भरून येतात आणि सांगणाऱ्याचेही भरतात. चाळीस वर्षे मी हेच करीत आलो. पण एक गोष्ट कधी ध्यानात आली नाही. गाढवाला पाणी हवे होते, कुत्र्याला तूप चालत होते. दोन्ही वस्तू आपल्या देवघरातल्याच. दारी आलेल्या जीवाला जे हवे तेच आपल्या घरात चालत नसेल तर? मग भूतदया कोणीकडे आणि नेम कोणीकडे? हा प्रश्न मला कोणा पंडिताने नव्हे, एका मांजरीने घातला.

आमचे घर दोडामार्गाजवळ. येथे मृगाचा पाऊस लागला म्हणजे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. अशाच एका संध्याकाळी एक करडी मांजर पडवीत येऊन बसली. अंग भिजलेले, पोट खाली आलेले. मी काठी आपटली. शेजारची म्हातारी वईपलीकडून पाहत होती. ती म्हणाली, "बुवानू, ती दोन जीवांची आसा. ह्या पावसात ती खंय जातली?" मी काठी खाली ठेवली. सौभाग्यवतीने भाताच्या कणगीमागे जुनी धाबळी टाकून दिली, आणि तेथे चौथ्या रात्री मांजरीला चार पिले झाली.

आम्ही तिला काय घालीत होतो? सकाळी पेज, दुपारी दूधभात, रात्री पुन्हा दूधभात. माळकऱ्याच्या घरात याहून वेगळे काय असणार? ती भुकेने खाई, आणि लगेच पोट बिघडे. मला वाटे, बाळंतीण आहे, होईल बरी. पिले मात्र वाढेनात. चोखून चोखून थकत आणि रडत. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, "बुवा, मांजर मूळचेच मांसाहारी. टॉरीन नावाचे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते तिला मांसमासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर डोळे जातात, हे १९७५ साली, आणि हृदय कमजोर होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले आहे. आणि ही तर पाजती आई. हिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. मोठ्या मांजरांना गाईचे दूध बहुधा पचत नाही. हिला मासळी द्या, उकडून, काटे काढून, मीठ न घालता."

मी घरी आलो आणि काही केले नाही. खरे तेच सांगतो. गळ्यातल्या माळेकडे हात गेला आणि मनाशी म्हटले, दोन दिवस पाहू. दुसऱ्या दिवशी पहाटे चारांतले एक पिलू गार पडले होते. नवजात पिले अनेक कारणांनी जातात, एवढ्यावरून काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते मला धीर देत होते. पण मी नेम राखला आणि त्याची किंमत भलत्यानेच दिली, असे मला वाटले, अजूनही वाटते.

हा झाला पूर्वरंग. आता शास्त्राकडे वळू.

श्रीरामानुजांच्या परंपरेत शरणागतीविषयी दोन मते आहेत. वेदान्तदेशिकांच्या अनुयायांचा मर्कटन्याय: माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तसा भक्ताचाही काही प्रयत्न हवा. पिळ्ळै लोकाचार्यांच्या अनुयायांचा मार्जारन्याय: मांजरीचे पिलू काहीच धरीत नाही, आईच त्याला मानेशी तोंडात धरून नेते, तसा देव भक्ताला नेतो. हे आचार्य आमच्या ज्ञानेश्वर माउलींच्या काळाच्या आसपासचे. आपण वारकरी देवालाच माउली म्हणतो, त्यामुळे मार्जारन्याय आपल्याला फार रुचतो. मीही तो शेकडो वेळा सांगितला. मात्र मांजर पिलू उचलते कसे, हे मी जन्मात कधी बसून पाहिले नव्हते!

ते आता पाहिले. कणगीमागे ओल आली तेव्हा मांजरीने उरलेली तिन्ही पिले एकेक करून देवघराशेजारच्या कोनाड्यात नेली. तोंडात धरताच पिलू अंग सैल सोडते, पाय पोटाशी घेते, धडपडत नाही. एवढे त्याचे काम. पण आईचे काम किती! आधी जागा हुंगून येणे, मग तीन खेपा, आणि सगळी आली तरी खात्रीसाठी रिकाम्या जागी चौथी खेप. पिलांना दिसत नाही, ऐकू येत नाही. डोळे उघडायलाच आठवडा-दीड आठवडा लागतो. पहिले काही दिवस त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही, आईने चाटल्यावाचून मलमूत्रही होत नाही. पण मुख्य गोष्ट वेगळीच. ती पिलांना अमुक व्हा, तमुक करा, मग उचलीन, असे म्हणत नाही. जसे आहे तसे उचलते. आंधळे तर आंधळे, घाणीत लोळलेले तर तसेच. आधी उचलते, स्वच्छ मागाहून करते.

आणि मी काय केले होते? मी म्हटले होते, बाई, माझ्या घरी राहायचे तर माझ्यासारखी हो. माझा दूधभात खा, माझी एकादशी पाळ. हा माझ्या नेमाचा मान झाला, तिची सेवा नव्हे. आश्रय देताना मी तिला तिच्या स्वभावाचेच भाडे मागत होतो.

शिबिराजाची कथा पाहा. कपोत शरण आला, मागून श्येन आला. राजाने कपोताला सोडले नाही, हे आपण सांगतो. पण श्येन म्हणाला, मी भुकेला आहे, तेव्हा राजाने त्याला तांदूळ खा असा उपदेश केला नाही. त्याची भूक जशी आहे तशी खरी मानली आणि शेवटी स्वतःच्या मांडीचे मांस तराजूत घातले. उलट उद्योगपर्वात एका मांजराची गोष्ट आहे. ते गंगातीरी हात वर करून तप करी, मांस सोडले म्हणे, आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना एकेक करून खाई. मनूनेही ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हटले आहे. मला यातून असे दिसते की मांस सोडल्याचे सांगणारे मांजर भयंकर. मासळी मागणारे मांजर बापडे खरे बोलत असते. ढोंग मांजराचे नव्हे, ते आपण तिच्यावर लादतो.

असो. मी पिशवी घेतली आणि दोडामार्गच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांपुढे जाऊन उभा राहिलो. कपाळी बुक्का, गळ्यात माळ. एक बाई हसून म्हणाली, "बुवानू, वाट चुकलास काय?" मी म्हणालो, "नाही बाय, सापडली." आणि पेडवे मागितले. हे उत्तर मोठे चतुर वाटेल, पण घरी येईपर्यंत माझे पाय कापत होते. त्याचे कारण आता कबूल करतो.

तीस वर्षांपूर्वी आमच्याच घरी एक मांजर व्याली होती. पिलांचा त्रास नको म्हणून मी ती पोत्यात घालून याच बाजारात सोडून आलो. मनाची समजूत अशी घातली की तेथे मासळी असते, पोटाची सोय होईल. त्याच रात्री मी कीर्तनात मार्जारन्याय सांगितला. प्राणी उपासमारीने मरेल अशा ठिकाणी टाकणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार पुढे कळले. पण कायदा बाजूला ठेवू. मांजराला मासळी लागते हे मला त्याही दिवशी ठाऊक होते! ती घरात आणायची लाज होती, म्हणून मी पिलांनाच घराबाहेर नेले. आता त्याच दगडी कट्ट्यापुढे उभा राहून मी त्या लाजेची फेड करीत होतो.

यावर आक्षेप आला, आणि तो वाजवी आहे. माझा एक जुना स्नेही, निष्ठावंत माळकरी, म्हणाला, "एक जीव वाचवायला दहा जीव मारले, ही कसली दया? मांजर आपली रानात उंदीर खाईल. आपण का हिंसेत हात घालावा?" त्याने आमच्या घरचे पाणी घेणे सोडले आहे. त्याच्यावर माझा राग नाही. पेडव्यांनाही जीव होता, हे मी नाकारीत नाही. माझ्या पिशवीत जे आले ते पुण्य नव्हते, दोषच होता. पण दोन दिवसांच्या पिलांना सोडून ती भर पावसात शिकारीला जाणार, पिले गार पडणार, हाही हिंसेचाच एक मार्ग. फक्त त्यात माझे हात कोरडे राहतात. दोन्हीकडे दोष असेल तेव्हा कमी दोषाचे काम करावे, उघड करावे, आणि त्याला पुण्य म्हणू नये. एवढेच मला समजले आहे.

कोणी असेही म्हणेल, मग माळेचा अर्थ काय उरला? माझ्या मते पुरता उरला. माळ हा माझ्या जिभेचा नेम आहे. तो मी पाळतो, मरेपर्यंत पाळीन. मासळीचे भांडे वेगळे ठेवले, पडवीत वेगळी चूल मांडली, हात धुऊनच देवापाशी गेलो. आषाढी एकादशीला आम्ही दोघे उपाशी होतो आणि मांजर जेवली. उपवास माझा होता, तिचा नव्हता. नेम दुसऱ्याच्या ताटावर चालवायचे हत्यार झाला की त्याचे नेमपण गेले.

महिपतीबुवांनी १७६२ साली सिद्ध केलेल्या भक्तविजयात राका कुंभाराची कथा आहे. कच्च्या मडक्यात मांजर व्याली होती. राकाने न कळत आवा पेटविला. मांजर आव्याभोवती आक्रोश करीत फिरू लागली तेव्हा त्याने पांडुरंगाला नवस केला की पिले वाचली तर सगळा संसार लुटवीन. पिले वाचली, आणि त्याने खरोखरच संसार लुटविला. पिले वाचली हा देवाचा चमत्कार आपण सांगतो. पण मला आता दुसरा भाग मोठा वाटतो. पिले सुखरूप हाती आल्यावरही राकाने तो सौदा महाग म्हटला नाही. मला तर संसार द्यायचा नव्हता. थोडी अब्रू आणि एक स्नेही, एवढेच द्यायचे होते. तेही मी एक पिलू गेल्यावर दिले.

उरलेली तिन्ही पिले आठ आठवडे आईपाशी राहिली. त्याआधी तोडू नयेत, असे डॉक्टरांनी बजावले होते. दोन पिले चांगल्या घरी दिली, आणि देताना मासळीची अट सांगून दिली. एक आमच्याकडे आहे. मांजरीची शस्त्रक्रिया करून घेतली, कारण पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि दर सहा महिन्यांनी कोणाच्या तरी पोत्यात पिले जावीत हे काही दयेचे लक्षण नव्हे.

मार्जारन्याय मी आजही सांगतो, पण आता पुढे एक वाक्य जोडतो. देवाने आपल्याला मांजरीसारखे, जसे आहोत तसे उचलले असेल, तर आपल्या दारी आलेल्यालाही त्याच्या भुकेसकट उचलावे लागते. तो स्नेही अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा त्याच्यासाठी माठातले पाणी वेगळे भरून ठेवण्यास सौभाग्यवतीला सांगून ठेवले आहे. त्याचाही नेम मला सांभाळला पाहिजे.

रामकृष्णहरि.